फळीवरचा प्रथिनांचा डबा : वैद्याने काय सांगावे?



कुर्ला पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत प्रस्तुत लेखकाचे चिकित्सालय आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तेथे चोवीस वर्षांचा एक तरुण आला. विमानतळावरील मालवाहतुकीच्या विभागात तो रात्रपाळीस असतो. पोट सतत फुगलेले, मलप्रवृत्ती असमाधानकारक, चेहऱ्यावर व पाठीवर पिटिका, सकाळी उठल्यावर अंग जड. जिव्हा साम होती. दिनचर्या विचारली असता त्याने सांगितले ते असे. सकाळी सातला पाळी सुटते, तेथून तो थेट व्यायामास जिममध्ये जातो, घरी येऊन प्रथिनचूर्णाची दोन मापे दुधात ढवळून पितो आणि दुपारी दोनपर्यंत झोपतो. जेवण म्हणावे असे एकच, तेही संध्याकाळचे. उरलेला दिवस चहा, खारी आणि वडापाव यांवर निघतो. पगार अठरा हजार, त्यापैकी साडेपाच ते सहा हजार दरमहा त्या डब्यांवर खर्च होतात. प्रकृतीविषयी सर्व सांगून झाल्यावर त्याने विचारले, "डॉक्टर, हे बंद केलं तर केलेली बॉडी उतरेल का?"

आपल्या व्यवसायात या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. पहिले, "हे सगळे केमिकल आहे, मूत्रपिंडे जातील, आजच फेकून दे." दुसरे, "ते परदेशी सोड, आपले हे घे, यात अश्वगंधा-शतावरी आहे." पहिल्या उत्तरात अज्ञान आहे. दुसऱ्यात अज्ञानाबरोबर आपला गल्लाही आहे, म्हणून ते मला अधिक सलते. याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

व्यायाम व खुराक यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. जमशेटजी टाटांनी १८८६ साली कुर्ल्यातील धरमसी मिल विकत घेऊन तिचे नाव स्वदेशी ठेवले. या मिलमुळे आणि मुंबईतील इतर गिरण्यांमुळे कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे मुंबईस आली आणि येताना आखाड्याची आवडही घेऊन आली. 'खुराक' हा शब्द त्यांच्याच तोंडचा. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, भिजवलेले हरभरे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची रीत प्रसिद्धच आहे. हा आहार स्वस्त मुळीच नव्हता. छत्रपती शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, त्यामागे मल्लाचे पोट गरिबास झेपत नाही ही जाणही होती. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. प्रथिनचूर्णाच्या डब्यावाचून मनुष्य मल्ल होऊ शकतो याचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र "पूर्वी माणसे नुसत्या भाकरीवर कुस्ती मारीत" हे जे आपण सभांतून सांगतो ते खरे नाही. मल्ल भरपूर खात असत, आणि त्यांच्या खाण्यात आजच्या भाषेत सांगायचे तर प्रथिने विपुल होती.

तेव्हा डब्यात नक्की काय असते ते आधी पाहू. बाजारातील बहुतेक प्रथिनचूर्ण हे दूध नासवून पनीर अथवा चीज काढल्यावर उरणाऱ्या पाण्यापासून बनते. ते पाणी गाळून, त्यातील दुग्धशर्करा व स्नेह कमी करून वाळविले की चूर्ण तयार होते. फाटलेल्या दुधाच्या या पाण्यास भावप्रकाशात मोरट असे नाव आहे. म्हणजे मूळ द्रव्य आपणांस अपरिचित नाही, आणि त्यास विष म्हणण्याचे काही कारण नाही. ते वाळविलेले, सांद्र केलेले, गोड व सुगंधी केलेले दुग्धजन्य अन्न आहे. एका मापात, म्हणजे सुमारे ३० ते ३३ ग्रॅम चूर्णात, चांगल्या प्रतीचे असेल तर २४-२५ ग्रॅम प्रथिने मिळतात. चार अंड्यांतही जवळपास तेवढीच मिळतात.

अन्न म्हटले की त्यास अन्नाचे नियम लागू होतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितलेला सामान्य-विशेष सिद्धान्त आपल्यापैकी प्रत्येकास मुखोद्गत आहे. समान द्रव्याने समान धातूची वृद्धी होते, मांसाने मांस वाढते. जिममधील प्रशिक्षकही, न जाणता, हाच सिद्धान्त सांगत असतो. पण त्याच संहितेत मात्रा ही अग्निबलावर अवलंबून असते आणि गुरू द्रव्ये तृप्तीच्या मर्यादेच्या आत घ्यावीत असेही सांगितले आहे, आणि विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात मांसवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे म्हणून अभिष्यंदी, स्थूल व गुरू आहार आणि जेवून दिवसा झोपणे ही स्पष्टपणे नोंदविली आहेत. आमच्या रुग्णाने हा अध्याय वाचला नसेल, पण आचरिला मात्र अक्षरशः होता. गुरू व सांद्र पेय दुहेरी मात्रेत प्यायचे आणि लगेच सहा तास झोपायचे! मांसवृद्धीच्या हेतूने तो मांसवह स्रोतसे बिघडवीत होता. त्यातून दुग्धशर्करा पुरती न काढलेल्या स्वस्त प्रतीच्या चूर्णाने काहींचे पोट फुगते, ही आधुनिकांनाही मान्य असलेली गोष्ट आहे.

येथे एक कबुली द्यावयास हवी. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्यास, तेही शीत काळात व वसंतात, अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. त्या अर्धशक्तीने आरोग्य टिकेल, पण आरशासमोर उभे राहून मोजावयाची छाती होणार नाही. ज्यास स्पर्धेत उतरायचे आहे तो अर्धशक्तीवर थांबत नाही, आणि तसा व्यायाम करणाऱ्यास सामान्य माणसापेक्षा अधिक प्रथिने लागतात. हे नाकारून आपण तरुणांचा विश्वास गमावतो.

किती अधिक? येथे आधुनिक पोषणशास्त्राचे आकडे उपयोगी पडतात. भारतीयांसाठी २०२० साली निश्चित केलेली शिफारस शरीरभाराच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम आहे. साठ किलोच्या तरुणास दिवसाला पन्नास ग्रॅम. वजने उचलणाऱ्यांवर झालेल्या ४९ चाचण्यांचे, एकंदर १,८६३ व्यक्तींचे, एकत्रित विश्लेषण २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आले. त्यानुसार प्रथिनांचा लाभ किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंतच होतो, त्यापुढे घेतलेले स्नायूंच्या कामी येत नाही. आमच्या तरुणास ही मर्यादा ९६ ग्रॅम होते. याहून डोळ्यांत भरणारा आकडा दुसरा आहे. पूरक प्रथिने घेणारे व न घेणारे, दोघांनीही सारखाच व्यायाम केला असता, घेणाऱ्यांच्या मेदविरहित शरीरभारात पडलेली अधिक भर सरासरी ३०० ग्रॅम होती. किलो नव्हे, ग्रॅम! उरलेली सर्व वाढ व्यायामाने झाली होती. महिना सहा हजार रुपये कशासाठी, हे त्या तरुणास समजावताना मला या एका आकड्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कोणत्याही श्लोकाचा झाला नाही.

मे २०२४ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनचूर्णे टाळावीत, असा स्पष्ट सल्ला त्यांत आहे. साखर, कृत्रिम गोडी व सुगंध यांचा उल्लेख आहे, तसेच अस्थी व मूत्रपिंडे यांना संभवणाऱ्या अपायाचाही. निष्कर्ष मला मान्य आहे. मूत्रपिंडांच्या बाबतीत मात्र आपण बोलताना तारतम्य ठेवावे. ज्याची मूत्रपिंडे आधीच दुर्बल आहेत त्यास अतिरिक्त प्रथिने निश्चितच घातक होत. निरोगी तरुणाची मूत्रपिंडे माफक प्रथिनांनी बिघडतात असा पुरावा भक्कम नाही. शिवाय अनेकजण प्रथिनांबरोबर क्रिएटिन घेतात. त्याने रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा किंचित वाढू शकतो, मूत्रपिंडे ठीक असतानाही. असा अहवाल हाती घेऊन रुग्णास घाबरवून सोडणारे वैद्य मी पाहिले आहेत. आधी काय घेतो ते विचारावे, ते बंद करून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

खरी भीती द्रव्यापेक्षा डब्याची आहे. प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे त्यातील नत्र मोजून त्यास ठरावीक संख्येने गुणणे. ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त द्रव्ये मिसळली की नत्राचा आकडा वाढतो आणि कागदावर प्रथिने भरतात. २००८ साली चीनमध्ये बालकांच्या दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच युक्तीने. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांची तपासणी करणारा केरळमधील संशोधकांचा एक अभ्यास २०२४ साली मेडिसिन या नियतकालिकात आला. त्यांतील सुमारे सत्तर टक्क्यांत प्रथिनांचे प्रमाण वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे आढळले नाही. सुमारे चौदा टक्क्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन आणि आठ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. परदेशी डबे धुतल्या तांदळाचे, असेही समजू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पाहणीत तेरा देशांतून घेतलेल्या ६३४ पूरकांपैकी ९४ मध्ये वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरकसदृश द्रव्ये निघाली होती. म्हणून प्रथिनचूर्ण घेणाऱ्या तरुणास, त्याच्या वडिलांस बाहेर बसवून, "सुई किंवा गोळी काही देतात का?" हे विचारणे अगत्याचे आहे. निम्म्या वेळा उत्तर नकारार्थी येते. उरलेल्या वेळी तो खाली पाहतो.

आता आपल्या घराकडे वळतो. केरळच्या त्या अभ्यासात सर्वाधिक ताशेरे वनौषधी मिसळलेल्या देशी प्रथिनचूर्णांवर आहेत. प्रत हलकी, आणि यकृतास अपाय करू शकणारे वनस्पतिजन्य अर्क त्यांत असल्याचे लेखक म्हणतात. त्या लेखकांपैकी एक आयुर्वेदाचे जाहीर टीकाकार आहेत हे आपण सर्व जाणतो, आणि एवढे म्हणून तो लेख बाजूस सारण्याचा मोह मलाही झाला. पण डब्यात किती प्रथिने निघाली हे प्रयोगशाळेने मोजले आहे. तेथे टीकाकाराचे मत आडवे येत नाही.

अश्वगंधा हे चरकाचार्यांच्या बल्य व बृंहणीय या दोन्ही महाकषायांतील द्रव्य आहे. तिच्या मूळाच्या अर्काची ५७ पुरुषांवर आठ आठवडे केलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. रोज दोन वेळा ३०० मिलिग्रॅम अर्क घेऊन व्यायाम करणाऱ्यांचे बल व स्नायू, नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. आनंदाची गोष्ट आहे, चाचणी लहान असली तरी. परंतु यावरून प्रथिनांच्या डब्यात चिमूटभर अश्वगंधा टाकली की तो डबा 'आयुर्वेदिक' होतो, असे कसे म्हणावे? मात्रा किती, मूळ की पाने, अनुपान कोणते, कोणत्या प्रकृतीस, कोणत्या अग्नीस, यांपैकी कशाचाही विचार त्या वेष्टनावर नसतो. अश्वगंधेच्या पूरकांनंतर यकृतास इजा झाल्याचे रुग्णवृत्तान्त परदेशी नियतकालिकांत येऊ लागले आहेत आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. ती बंदी अतिरेकी आहे असे माझे मत आहे. पण आपल्या उत्तम द्रव्याची अशी अपकीर्ती कोणत्या वाटेने होते? वैद्याने तोलून दिलेल्या चूर्णाने नव्हे. कुणीही, कितीही, कितीही दिवस घ्यावा अशा डब्यांनी होते.

हे मी दुसऱ्यास शिकवितो असे कोणी समजू नये. चार वर्षांपूर्वी असाच एक 'शास्त्रोक्त' डबा मी स्वतः माझ्या फळीवर ठेवला होता. विक्रीप्रतिनिधी आला, दहावर दोन फुकट म्हणाला, वेष्टनावर ऋषींचे चित्र होते. औषधांवर सुटतो त्याच्या कितीतरी पट नफा एका डब्यावर सुटत होता. वर्षभर ठेवला. एके दिवशी एका रुग्णाच्या आईने तो उघडून माझ्यापुढे धरला. आत पिवळसर गुठळ्या व कुबट वास. मुदत संपावयास आठ महिने बाकी होते. कंपनीस लिहिले, उत्तर आले नाही. त्या बाईस पैसे परत केले, पण तिचा मुलगा त्या आधीचे दोन डबे माझ्याच शब्दावर संपवून बसला होता. उरलेला माल मी बाहेर काढला. त्या महिन्यात दुकानाचे भाडे खिशातून भरावे लागले, हेही लिहून ठेवतो, कारण औषधविक्रेत्या मित्रांची अडचण मला समजत नाही असे त्यांस वाटू नये. वैद्याच्या फळीवर ठेवलेली वस्तू ही त्याची शिफारस असते. जिमच्या कपाटातील डब्यास हा मान नाही.

"मग कोणासच देऊ नये काय?" असे विचारले जाईल. द्यावे. पण ज्यांस गरज आहे ते बहुधा व्यायामशाळेत नसतात. कुर्ल्यातील दाट वस्तीत राजयक्ष्म्याचा रुग्ण ठाऊक नाही असा वैद्य विरळा. झारखंडमधील चार जिल्ह्यांत परिषदेने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांना औषधांबरोबर तांदूळ, डाळी, दूध भुकटी, तेल असा, दिवसाला सुमारे १,२०० कॅलरी व ५२ ग्रॅम प्रथिने देणारा शिधा दिला गेला आणि घरातील माणसांनाही वेगळा शिधा दिला. शिधा मिळालेल्या घरांतील माणसांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांतही ज्यांचे वजन लवकर वाढले त्यांत मृत्यू कमी झाले. यात कोठेही सुगंधी डबा नाही, डाळ-तांदूळ आहे. निक्षय पोषण योजनेखाली अशा रुग्णास २०१८ पासून महिना पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. आमचा तरुण स्नायूंच्या तीनशे ग्रॅमसाठी महिन्यास जेवढे खर्चतो तेवढ्यात क्षयरुग्णाच्या वाट्याची सहा महिन्यांची मदत बसते. दात नसलेले, भूक मंदावलेले वृद्ध आणि शस्त्रकर्मानंतर क्षीण झालेले रुग्ण यांस, अन्न पुरेसे जात नसेल तर, चांगल्या प्रतीचे साधे प्रथिनचूर्ण पेजेत वा ताकात मिसळून देण्यास मला संकोच वाटत नाही. अग्नी पाहून, थोड्या मात्रेत. ते औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून.

त्या तरुणास मी काय दिले ते सांगतो. आठ दिवस लघू आहार व पाचन. डबा बंद. व्यायाम चालू, पण पाळीवरून थेट नाही, थोडी झोप काढून दुपारनंतर. पुढे ताट असे : मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, भिजवलेले हरभरे, तीन अंडी, दोन वेळा मिळून अर्धा लिटर दूध, दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण अथवा उसळ, सहा पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे. बेरीज केली तर प्रथिने ८०-८५ ग्रॅमच्या घरात जातात. आठवड्यातून तीनचार दिवस मासळी. सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात हे ऐकून तो हसला. त्याची आजी अलिबागकडची, घरात बोंबील असतातच, पण त्यांना त्याने कधी 'प्रोटीन' म्हटले नव्हते. मासळी आणि दूध एका जेवणात नको, हे अर्थातच सांगितले. शाकाहारी रुग्णांस मी उडीद, ताक-पनीर आणि सोयाबीनची वडी सांगतो. उडदास शास्त्रकारांनी गुरू व बृंहण म्हटले आहे, तेव्हा हिंग-आले विसरू नये. सर्व मिळून खर्च डब्याच्या निम्म्याहून कमी आला. तीन महिन्यांनी पोट ठीक होते, पिटिका बऱ्याच कमी होत्या, आणि बॉडी उतरली नव्हती. त्याच्या जिममधील आणखी दोघे त्याच्यामागून आले. ते आपापले डबे पिशवीत घालून घेऊन आले होते.

त्या दोन डब्यांमुळेच पुढील सूचना सुचली. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक विकत घेतलेल्या अन्नपदार्थाचा नमुना शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि नमुना नियमबाह्य निघाल्यास ते शुल्क त्यास परत मिळण्याची तरतूद आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय आपल्या शेजारी, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आपल्या संघटनेच्या कुर्ला, घाटकोपर व मुलुंड येथील सभासदांनी वर्गणी काढून, आपल्याच दुकानांत विकल्या जाणाऱ्या 'आयुर्वेदिक' प्रथिनचूर्णांचे दहा नमुने तपासून घ्यावेत आणि निकाल, कसाही आला तरी, याच त्रैमासिकात छापावा. तोपर्यंत औषधविक्रेत्यांनी निदान एवढे करावे. डब्यावर चौदा अंकी अन्नपरवाना आहे की आयुर्वेदिक औषधाचा निर्मितीपरवाना, ते पाहून घ्यावे आणि अन्नाचा परवाना असलेली वस्तू औषधांच्या फळीवर ठेवू नये. ग्राहकास हा भेद कळत नाही. आपणांस कळतो.

पहिल्या नमुन्याचे शुल्क मी भरीन. डबा निवडण्याचे काम मात्र दुसऱ्या कोणीतरी करावे, कारण ज्या कंपनीने माझ्या पत्रास उत्तर दिले नाही तिचाच डबा माझ्या हातास प्रथम लागेल.